प्रिटी, ब्यूटिफुल आणि नाकीडोळी नीटस

मी मराठीचा प्राध्यापक. तरीही इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारायला मुले माझ्याकडे येतात. इंग्रजीच्या प्राध्यापकांकडे गेलो तर ते इंग्रजीतूनच सांगतील, अशी त्यांना भीती वाटत असावी. मागच्या वर्षी परीक्षेच्या आधी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी भाषांतराचा उतारा घेऊन आली. उताऱ्यात प्रिटी, हँडसम, ब्यूटिफुल आणि लव्हली असे चार शब्द पाठोपाठ आले होते आणि तिने चारी ठिकाणी 'सुंदर' लिहिले होते. लिहून झाल्यावर तिचे तिलाच ते रुचेना. म्हणाली, "सर, चौघींना एकच साडी नेसवल्यासारखं झालंय."

तिची उपमा मला इतकी आवडली, की उताऱ्यातल्या बाकीच्या चुका काढायचे मी विसरून गेलो!

त्या पोरीचा दोष नव्हता. १८४७ साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश मुंबईत छापला गेला. ती माणसे एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्दांची रांगच्या रांग उभी करीत. पुढे खिशात मावणारे कोश आले. त्यांनी रांगेतला पहिला गडी ठेवून घेतला आणि बाकीच्यांना घरी पाठवले. म्हणून आपल्याला वाटते, की इंग्रजाने एकाच गोष्टीला उगाच चार नावे ठेवली आहेत. तसे नाही. त्या चार नावांत मोठे राजकारण आहे.

कसोटी अगदी सोपी आहे. एखादे विशेषण माणसाला लावण्याआधी डोंगराला लावून पाहावे. खिडकीत फुलांच्या कुंड्या ठेवलेले लहानसे कौलारू घर प्रिटी असते. दगडी, दुमजली, ऐसपैस वाडा हँडसम असतो. हिमालय ब्यूटिफुल असतो. आता हिमालयाला प्रिटी म्हणून पाहा. आपल्याकडे कुणी कळसूबाईला 'गोंडस' म्हणावे, तसे ते कानाला लागते. का लागते? कारण प्रिटी म्हणणारा माणूस त्या वस्तूकडे थोडा वरून पाहत असतो. ब्यूटिफुल म्हणणाऱ्याला मान वर करावी लागते. आणि हँडसम म्हणताना दोघांची नजर समोरासमोर असते. ही विशेषणे दिसणाऱ्याविषयी जेवढे सांगतात, त्याहून जास्त पाहणारा कुठे उभा आहे ते सांगतात, असे माझे मत आहे. इंग्रजीचे प्राध्यापक कदाचित ते मान्य करणार नाहीत. पण माझ्याजवळ साक्षीदार आहेत.

पहिले साक्षीदार डॉक्टर जॉन्सन. १७५५ साली त्यांचा कोश प्रसिद्ध झाला. प्रिटी म्हणजे भव्यता आणि प्रतिष्ठा वजा केलेले सौंदर्य, अशा आशयाचा अर्थ त्यांनी दिला. आणि हँडसम म्हणजे प्रतिष्ठेसह सौंदर्य. बेरीज-वजाबाकीइतका स्वच्छ हिशेब!

पण या शब्दांची वंशावळ पाहिली, की हसू येते. प्रिटी या शब्दाचा मूळ पुरुष जुन्या इंग्रजीत 'धूर्त, कावेबाज' अशा अर्थाचा होता. मग तो 'चतुर' झाला, मग 'नीटनेटका', आणि शेवटी 'दिसायला छान'. हा प्रवास विचित्र वाटत असेल, तर आपल्या घरातली आजी आठवा. नातवाने लाडू चोरून तोंड पुसले, की ती त्याला कौतुकाने काय म्हणते? "लबाड कुठला!" लहानाची लबाडी गोड वाटते आणि मोठ्याची भीती वाटते. क्यूट या शब्दाचीही गत तीच. तो 'अक्यूट' म्हणजे 'तीक्ष्ण' या शब्दाचे डोके उडवून झालेला. अठराव्या शतकात क्यूट म्हणजे हुशार, चलाख. अमेरिकेतल्या मुलांच्या तोंडी पडून तो एकोणिसाव्या शतकात गोजिरवाणा झाला. इतकेच काय, त्याच अमेरिकेत 'कनिंग', म्हणजे चक्क कपटी, हा शब्दही तान्ह्या बाळाला लाडाने लावीत. एकाच वाटेने तीन तीन शब्द गेले, तेव्हा ती वाट आडवाट म्हणता येणार नाही. ज्याला आपण लहान मानतो, त्याची बुद्धीसुद्धा आपल्याला रूपासारखी दिसू लागते. आमच्या महाविद्यालयात आता मांजराचे पिल्लू, पेनाचे टोपण, प्राचार्यांचा नवा चष्मा, सगळे काही क्यूट असते. तो भाग निराळा.

हँडसमची कुळकथा याच्या उलट. 'हँड' म्हणजे हात. हाताळायला सोपे, हातात नीट बसणारे हत्यार किंवा अवजार म्हणजे हँडसम. पुढे त्याला 'योग्य, साजेसे' असा अर्थ आला, मग 'भरघोस, उदार', आणि मग 'देखणे'. आजही इंग्रजीत पगार हँडसम असतो, देणगी हँडसम असते. मराठीत पगार घसघशीत असतो. पण घसघशीत पगाराच्या जावयाला कुणी घसघशीत म्हणत नाही. गंमत अशी, की मूळचा कावेबाज शब्द नाजूक होऊन मुलींच्या वाट्याला गेला, आणि मुठीत सहज मावणारा शब्द प्रतिष्ठित होऊन पुरुषांच्या!

जेफ्री लीच या भाषाशास्त्रज्ञाने अर्थविचारावरच्या आपल्या १९७४ सालच्या पुस्तकात या दोन शब्दांचे सोबती मांडून दाखवले आहेत. प्रिटीच्या पंगतीला मुलगी, फूल, बाग, रंग, खेडे. हँडसमच्या पंगतीला पुरुष, मोटार, जहाज, ओव्हरकोट, विमान आणि टाइपरायटर. टाइपरायटर बिचारा आता उठून गेला, पण पंगत अजून तीच आहे. मुलगा तेवढा दोन्ही पंगतींत बसतो. बाईलाही दोन्ही शब्द लागतात, पण अर्थ वेगळा होतो, असे लीच सांगतो.

हे वेगळेपण जेन ऑस्टिनइतके कुणाला कळले असेल असे मला वाटत नाही. तिच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये नाचाच्या रात्रीचा प्रसंग आहे. बिंग्ली जेनच्या रूपावर लुब्ध होतो आणि तिला ब्यूटिफुल म्हणतो. मित्राच्या पाठीमागे बसलेली तिची बहीण, एलिझाबेथ, तीही अगदी प्रिटी आहे, अशी तो मित्राकडे शिफारस करतो. मित्र डार्सी. तो एकवार वळून पाहतो आणि ठरवतो, की ही चालेल अशी आहे, पण मला भुरळ पडावी इतकी हँडसम नाही. एका संभाषणात तीन विशेषणे, आणि तिन्हींनी एकेक माणूस उघडा पडतो. पुढे शेकडो पाने गेल्यावर हाच डार्सी कबूल करतो, की आपण पाहिलेल्या सर्वांत हँडसम स्त्रियांपैकी ती एक आहे. ब्यूटिफुल नव्हे, प्रिटी तर नव्हेच. एव्हाना त्याने तिच्याकडून चांगले फटके खाल्लेले असतात. नजर समोरासमोर आलेली असते. दोन वर्षांनी आलेल्या 'एमा'मध्ये तर नायिकेविषयीचे पहिलेच विशेषण हँडसम आहे. त्या काळी बाईला हँडसम म्हणण्यात वावगे काही नव्हते. आज म्हटले, तर ती प्रौढ असेल, हाडापेराने मोठी असेल, अशी शंका लगेच येते. शब्द हळूहळू पुरुषांनी काबीज केला.

इथे मला माझ्या भाषेची बाजू घेऊ द्या. मराठी विशेषणाला लिंग असते म्हणून परभाषी लोक रडकुंडीला येतात. देखणा मुलगा, देखणी मुलगी, देखणं मूल. पण पाहा, शेपूट बदलले तरी धड एकच राहिले. पोरगा आणि पोरगी एकाच शब्दाने मोजली गेली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही विशेषणांना असे लिंगवचनाचे प्रत्यय होते. ते झडून गेले आणि इंग्रजी सुटसुटीत झाली, असे सगळे म्हणतात. प्रत्यय पुढच्या दाराने गेले खरे, पण स्त्रीपुरुषभेद मागच्या दाराने शब्दातच येऊन बसला.

आणि तो नुसता कोशात बसून राहिला नाही. १७५७ साली एडमंड बर्क याने भव्य आणि सुंदर यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सौंदर्याची लक्षणे दिली: लहान, गुळगुळीत, नाजूक. दुर्बळपणाही सौंदर्यात भर घालतो, आणि बायकांना हे ठाऊक असल्यामुळे त्या बोबडे बोलायला, लडखडत चालायला शिकतात, असेही तो सांगतो. तेहतीस वर्षांनी, १७९० साली, मेरी वोल्स्टनक्राफ्टने त्याचा खरपूस समाचार घेतला. लहानपणा आणि दुबळेपणा हेच सौंदर्याचे सार, असे बायकांच्या गळी उतरवलेत, तर मग त्यांनी सत्य, धैर्य, बुद्धी यांच्या वाटेला जायचे कशाला, असा तिचा रोख होता. प्रिटी या एका शब्दाच्या पोटात काय काय दडले आहे, ते तिने विशेषणांची चर्चा न करता दाखवून दिले.

लव्हली या शब्दाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. इंग्रज माणूस चहाला लव्हली म्हणतो, ऊन पडले तर लव्हली म्हणतो, शेजारच्या आजीबाईंनाही म्हणतो. त्यात मोजमाप नाही. मला आवडले, एवढाच त्याचा अर्थ. त्याला मराठीत जुळा भाऊ आहे: लोभस. 'लव्ह'पासून लव्हली, 'लोभा'पासून लोभस. पत्राच्या शेवटी आपण 'लोभ असावा' लिहीत होतो, तोच हा लोभ. आणि हा योगायोग नाही. संस्कृतातला 'लुभ्' धातू आणि इंग्रजीतला 'लव्ह' हे एकाच पुरातन कुळातले आहेत. त्या विद्यार्थिनीला मी हे सांगितले, तेव्हा तिने लव्हलीपुढचा 'सुंदर' खोडून 'लोभस' लिहिले, आणि चौघींपैकी एकीला तरी स्वतःची साडी मिळाली.

चार्मिंग, फॅसिनेटिंग, ग्लॅमरस ही मंडळी जादूटोण्याच्या घरची. चार्म हा लॅटिनमधल्या 'कार्मेन'चा, म्हणजे गाण्याचा, मंत्राचा वंशज. फॅसिनेट करणे म्हणजे मुळात दृष्ट लावणे, भारून टाकणे. आणि ग्लॅमर? ते तर 'ग्रामर'चे स्कॉटलंडमधले बिघडलेले रूप! व्याकरण म्हणजे विद्या, विद्या म्हणजे गूढ विद्या, गूढ विद्या म्हणजे नजरबंदी. वॉल्टर स्कॉटने हा शब्द इंग्रजीत रूढ केला. वर्गात संधी-समास शिकवताना मी ही व्युत्पत्ती आवर्जून सांगतो. अद्याप कुणाचा विश्वास बसलेला नाही.

आपल्याकडेही शब्दांची वाण नाही. सुरेख म्हणजे जिच्या रेषा चांगल्या उमटल्या आहेत ती. तो चित्रकाराचा शब्द. लावण्य हा शब्द 'लवण'पासून, म्हणजे मिठापासून आलेला. गोड माणसे पुष्कळ असतात, पण चेहऱ्याला चव आणणारे मीठ थोड्यांकडेच असते. हे ज्याला पहिल्यांदा सुचले तो मोठा रसिक असला पाहिजे. राजबिंडा, रुबाबदार, ठसठशीत, गोजिरा, साजिरा... पण मराठीचे एवढे गोडवे गायल्यावर तिच्या पदराखालचा एक शब्द दाखवायला हवा. तो म्हणजे 'नाकीडोळी नीटस'.

दिसायला किती निरुपद्रवी! नाक नीट, डोळे नीट. पण ज्याने लग्ने जमवली आहेत त्याला विचारा. मध्यस्थाच्या पत्रात 'मुलगी नाकीडोळी नीटस आहे' असे वाक्य आले, की वाचणाऱ्याला कळते: मुलगी गोरी नाही. नाक आणि डोळे यांची नावे घेतली, ती कातडीचे नाव टाळण्यासाठी. माझी थोरली बहीण पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी लग्नाची होती, तेव्हा तिच्याविषयी लिहिलेल्या प्रत्येक पत्रात हे दोन शब्द होते. कधी कधी जास्त प्रामाणिक मध्यस्थ 'सावळी, पण नाकीडोळी नीटस' असे लिहीत. ताई ती पत्रे वाचायची आणि घडी घालून परत कपाटात ठेवायची. पंढरपूरच्या विठ्ठलाला ज्ञानेश्वरांपासून सगळे सावळा म्हणत आले; त्या विशेषणापुढे 'पण' लावायची वेळ कुणावर आली नाही.

इंग्रजीत या दुखण्याचे नाव फेअर. मूळ अर्थ नुसता सुंदर, मनाला बरे वाटणारा. मग तो उजळ केसांना आणि कातडीला चिकटला, आणि जे उजळ तेच सुंदर असे होऊन बसले. १६०९ साली छापलेल्या सुनीतांत शेक्सपिअर एका सावळ्या स्त्रीविषयी लिहिताना या दुहेरी अर्थाशी झुंज घेतो. त्याच शब्दाला 'न्याय्य' असाही अर्थ आहे, ही त्याहून मोठी थट्टा. आपल्याकडे १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' नावाचे मलम आले आणि पंचेचाळीस वर्षे घरोघरच्या आरशापुढे राहिले. २०२० साली कंपनीने 'फेअर' काढून 'ग्लो' घातले. लव्हली तशीच राहिली. आणि इंग्रजीकडून आपण नुसते घेतलेच असे नाही. आपण तिला 'व्हीटिश' हा शब्द दिला. गव्हाळ रंग! इंग्लंडातल्या माणसाला गहू ठाऊक आहे, पण आपल्या मुलीला त्याची उपमा द्यावी, हे त्याला कधी सुचले नाही.

या वर्षी उन्हाळ्यात ताईचा फोन आला. तिच्या मुलीसाठी, माझ्या भाचीसाठी, न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाकडून विचारणा झाली होती. त्यांनी एक इंग्रजी तक्ता पाठवला होता, तो भरून द्यायचा होता. मुलगी स्थापत्य अभियंता. पुलांच्या कामावर असते. उंची पाच फूट आठ इंच, चालणे ताठ, रंग आईचा. डोक्यावर पिवळे हेल्मेट घालून ती उभी राहिली, की मुकादमसुद्धा आवाज उतरवून बोलतो, हे मी पाहिले आहे. तक्त्यात एक रकाना दिसण्याचा होता आणि एक रंगाचा.

"अरे, तू एवढा शब्दांतला माणूस," ताई म्हणाली, "चांगला शब्द सांग. नीटस-बिटस नको."

मी म्हणालो, "तिला एकच शब्द शोभतो, हँडसम." आणि जॉन्सन, डार्सी, एमा सगळे तिला सांगितले.

फोन स्पीकरवर होता. भाची खदखदून हसली. "मामा, हँडसम लिहिलंस तर त्यांना वाटेल, आमच्याकडे चुकून मुलाचीच माहिती आली."

"ब्यूटिफुल लिही," ताई म्हणाली.

"आई, ब्यूटिफुल काय! मी काय सूर्यास्त आहे?"

"मला दिसतेस तशी तू. मी आई म्हणून भरतेय ना तक्ता? मग मला दिसतं ते लिहिणार." ताईचा आवाज थोडा चढला होता. "माझ्या वेळी ज्यांनी पत्रं लिहिली, त्यांतलं एकही माणूस माझ्याकडे धड बघून लिहीत नव्हतं."

यावर भाचीही हसायची थांबली. मला काही सुचेना. जुन्या मराठीत 'देखणा' म्हणजे पाहणारा, डोळस, असाही अर्थ होता. ते मला आठवले, पण फोनवर बोललो नाही. प्रत्येक वेळी व्युत्पत्ती सांगू नये एवढे मला आता कळते.

शेवटी ताईने दिसण्याच्या रकान्यात ब्यूटिफुल लिहिले. भाचीने हरकत घेतली नाही. रंगाच्या रकान्यावर मात्र तिने आडवी रेघ ओढली आणि शेजारी 'फोटो सोबत जोडला आहे' असे लिहिले. मुलाकडचा तक्ताही आला होता. मी तो उत्सुकतेने वाचला. त्यात हँडसम हा शब्द होता, पण तो पगाराच्या आधी आला होता.

तक्ता पाठवून झाल्यावर रात्री ताईचा पुन्हा फोन आला. तिला एकच विचारायचे होते.

"काय रे, त्यांच्या मुलाचा रंग लिहिलाय का त्यात?"

मी पुन्हा पाहिले. मुलाच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.